मदत हवी आहे: पायपरच्या शेपटीवरचा टॅब ट्रिम नेमका कसा करतो?

नमस्कार मंडळी, प्रशिक्षण विमानांच्या ट्रिमबद्दल (म्हणजे हाताने सतत जोर न लावता विमानाचं नाक हव्या त्या स्थितीत ठेवण्याच्या सोयीबद्दल) एक शंका आहे.

सेस्ना १७२ चं गणित पटतं. ट्रिमचं चाक नाक वर करायच्या दिशेने फिरवलं की एलेव्हेटरवरचा (आडव्या शेपटीच्या मागच्या हलत्या भागावरचा) छोटा टॅब, म्हणजे मागच्या कडेची पट्टी, खाली वळतो, हवा त्याला वर ढकलते आणि त्याच्यासोबत एलेव्हेटरची मागची कडा वर जाते. शेपूट खाली, नाक वर. हाताने योक (वैमानिकासमोरचा नियंत्रणाचा दांडा) ओढून धरायचं काम टॅब करतो. सुंदर युक्ती आहे!

अडतंय ते पायपर पीए-२८ पाशी. तिथे वेगळा एलेव्हेटर नाही, आडवी शेपटी अख्खीच फिरते, म्हणजे स्टॅबिलेटर. त्याच्या मागच्या कडेचा अँटी-सर्वो टॅब स्टॅबिलेटर ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, पण जास्त कोनात वळतो. त्यामुळे योक जड लागतं आणि वैमानिकाकडून नकळत जास्त ओढलं जात नाही, इथपर्यंत ठीक. पण हालचालीला विरोध करणाराच टॅब ट्रिमचंही काम कसं करतो?

माझा अंदाज असा: चाक फिरवल्यावर टॅबचा फक्त आरंभबिंदू सरकतो, म्हणून स्टॅबिलेटर नव्या कोनात स्थिरावतो. बरोबर आहे का?

आणि जोडूनच: ट्रिम ठरावीक वेगासाठी असतो म्हणतात. मग पॉवर वाढवल्यावर विमान वेग न वाढवता चढू लागतं ते यामुळेच का, की प्रोपेलरचा झोत शेपटीवर पडण्याचाही त्यात वाटा असतो? शिकवणाऱ्यांनी किंवा देखभाल करणाऱ्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.