मुलाची सर्च हिस्ट्री वाचावी का?

सायकलवाला (धागाकर्ता)
मुलगा सातवीत आहे, बारा पूर्ण. घरातला जुना फोन हळूहळू त्याचाच झालाय. फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं ॲप) लावलंय: रोज दीड तास, रात्री साडेनऊला फोन बंद. गेले दोन महिने हा पोहायला जायचं टाळतोय. आधी कान दुखत होता, मग पाणी घाण होतं, मग सर ओरडतात. एवढ्या उकाड्यात घरातही टी-शर्टवर शर्ट. आम्ही दोघं निदान करून मोकळे: फोनचं वेड.

परवा तो क्लासला गेल्यावर फोन उघडला. पासवर्ड मला ठाऊक असतो, फोन देतानाच तशी अट होती. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. निघालं ते हे: 'मुलग्यांची छाती का वाढते', 'छातीत गाठ मुलगा 12 वर्षे', 'गाठ दुखली तर कॅन्सर असतो का'. तोच प्रश्न शब्द फिरवून पंधरा-वीस वेळा, मधेच क्रिकेटचा स्कोअर. पुढे उघडलेली पानं म्हणजे ऑपरेशनच्या जाहिराती, आधीचे-नंतरचे फोटो, आणि आठवड्यात छाती सपाट करून देतो म्हणणारा एक पहिलवान.

माझं मत साधं आहे. वाचायलाच हवं. मी वाचलं म्हणून कळलं तरी. बायको म्हणते, चोरून वाचलंस, आता बोलणार कोणत्या तोंडाने? तुम्ही काय म्हणता?

रमा७८
स्पष्ट लिहिते, राग मानू नका. दोन महिने पोरगं शर्टावर शर्ट घालतंय आणि तुम्हाला कळायला फोन उघडावा लागला. हिस्ट्री वाचण्याचं समर्थन कसलं करताय?

आमच्या आईने माझी वही एकदा वाचली होती. पुढे कॉलेज संपेपर्यंत मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. सासरी आल्यावर हळूहळू बोलायला लागले. बायको बरोबर आहे तुमची.

बिनतारी
रमाताई, वही आणि इंटरनेट यात फरक आहे हो. वही उलटून जाहिरात दाखवत नाही. या पोराने एक प्रश्न विचारला आणि ऑपरेशनवाले दारात उभे.

धागाकर्त्यांना तांत्रिक सांगतो (पोटापाण्याचा धंदा तोच). गूगलचं सेफसर्च उघडीनागडी चित्रं बऱ्यापैकी अडवतं. चुकीचा सल्ला अडवणं हे त्याचं कामच नाही. दीड तासाची मर्यादासुद्धा त्या एका फोनपुरती. शेजारच्या मित्राच्या फोनला ती लागू नाही. तेव्हा लक्ष ठेवा, पण उघडपणे. दर रविवारी दोघं मिळून हिस्ट्री बघायची, आधी तुमची, मग त्याची. आमच्याकडे चालू आहे. माझी बघताना मुलगी फार हसते.

गुर्जी_कडेगाव
मी शिक्षक, सांगली जिल्हा. आमच्या तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव 2022 मध्ये बातम्यांत आलं होतं, आठवत असेल. संध्याकाळी सातला भोंगा, की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. लोक हसले, पण त्यातली मेख लक्षात घ्या. सगळ्या गावाचा बंद असला की 'एकट्या माझाच का' हे रडगाणं राहत नाही. शहरात एकेकटे आईबाप लढतात म्हणून हरतात. बाराव्या वर्षी स्वतःचा फोन हवाच कशाला?

रमा७८
गुर्जी, भोंगा सातला वाजतो. याला प्रश्न पडला असणार अंघोळीला गेल्यावर. तो कुणाला विचारायचा?

गुर्जी_कडेगाव
शाळेत विचारावा.

रमा७८
विचारला असता का त्याने तुमच्या वर्गात? खरं सांगा.

गुर्जी_कडेगाव
नसता. मान्य. प्रजननाचा धडा विज्ञान भाग 2 मध्ये येतो दहावीला, आणि तोही बरेच जण 'घरी वाचा' म्हणून पुढे सरकवतात. मीही एक वर्ष सरकवलाय. तरी फोन हे त्याचं उत्तर आहे असं मला अजून वाटत नाही.

मेलबर्नकर
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. यूट्यूबही त्यात आलं. मी कायद्याच्या बाजूचा, 'सरकारच नाही म्हणतंय' हे घरात फार कामाला येतं. पण यूट्यूब खात्याशिवायही बघता येतंच, आणि सर्च तर या कायद्यात येतच नाही. तेव्हा तुमच्या केसमध्ये या कायद्याचा उपयोग शून्य.

कोपऱ्यातला_दवाखाना
वाद चालू द्या, आधी मुलाचं बघा. मी बालरोगतज्ज्ञ. वयात येताना बऱ्याच मुलग्यांना हे होतं. संप्रेरकांचं प्रमाण वरखाली होतं, स्तनाग्राखाली बटणाएवढी गाठ लागते, एका बाजूला किंवा दोन्हीकडे, दाबली की दुखते. सहसा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. गाठ भराभर वाढत असेल, स्राव येत असेल, किंवा मूल एखादं औषध घेत असेल तर लगेच दाखवा. नाहीतरी एकदा दाखवाच, कारण 'कॅन्सर नाही' हे त्याला डॉक्टरकडून ऐकायचंय. ऑपरेशनच्या जाहिराती विसरा.

हिस्ट्रीबद्दल माझं मत कुणालाच आवडणार नाही: बारापर्यंत वाचा, पुढे कमी करत न्या. आणि वाचलंत तर कबूल करा.

बिनतारी
+१. फक्त त्या शेवटच्या ओळीला.

सायकलवाला
सगळ्यांचे आभार, रमाताईंचेही. काल त्याला स्कूटरवर मागे बसवून भाजी आणायला नेलं. समोरासमोर जमलं नसतं. चालवता चालवता म्हटलं, आठवीत मला छातीला गाठ आली होती, मी वर्षभर बनियनवर बनियन घालायचो. (खरं आहे. बायकोलाही पहिल्यांदाच कळलं.) सिग्नल येईपर्यंत मागून आवाज नाही. मग म्हणाला, "किती दिवसांनी गेली?" म्हटलं, नववी संपता संपता. थोडं पुढे गेल्यावर, "तू माझा मोबाईल बघितलास ना?"

हो म्हणालो. त्यानंतर घरापर्यंत एक शब्द नाही. मेथीची जुडी मात्र त्याने धरली होती. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे, येतो म्हणालाय.

रमा७८
हो म्हणालात हे बरं केलंत. पासवर्ड?

सायकलवाला
आज सकाळी बदललाय त्याने.

गुर्जी_कडेगाव
अहो, मग अटीचं काय झालं? फोन काढून घ्या आता.

रमा७८
झालं सुरू!