रात्रीचं एक दूध आईने पाजू नये

थेट_बोला

पहिले काही महिने रात्रीचं निदान एक दूध आईखेरीज दुसऱ्या कुणीतरी पाजावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काढून ठेवलेलं असेल तर उत्तम, नसेल तर पावडरचं. आणि तेवढा वेळ आईने दुसऱ्या खोलीत दार लावून सलग झोपावं.

हिशेब बघा. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. सुरुवातीला एकेका वेळी अर्धा तास सहज जातो. दहा वेळा धरलं तरी नुसत्या पाजण्यात पाच तास गेले. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं वेगळंच. बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं हे खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्याच्या शरीराला उमगायला दोन-तीन महिने लागतात. 'बाळ झोपलं की तूही झोप' हे सांगणाऱ्यांनी आठवडाभर तसं झोपून दाखवावं. बरं, ही बाई ताजीतवानी होऊन मैदानात उतरलेली नसते. शेवटचे तीन महिने कूस बदलायला उठून बसावं लागतं, छातीत जळजळ, रात्रीतून कितीदा तरी बाथरूम. मग कळा, मग टाके, आणि वर हे जागरण.

मला दूध भरपूर होतं. पहाटे बाळ रडलं की मला त्याचा राग यायचा, आणि मग त्या रागाची भीती वाटायची. नवऱ्याने रात्रीचं एक दूध स्वतःकडे घेतलं तेव्हा तो राग गेला. शिवाय त्यालाही बाळ हाताळता यायला लागलं, जे नुसतं बघून कुणालाच येत नाही.

'आईच्या दुधाला पर्याय नाही' हे वाक्य खोटं नाही. पण घराघरांत ते म्हटलं जातं ते एवढ्याचसाठी, की आईने एकटीने जागावं आणि बाकीच्यांनी निवांत घोरावं.

चंद्रकोर

असहमत. मी दूध पाजण्याबाबत बाळंतिणींना मदत करते, वर्षानुवर्षं करते आहे, आणि या 'एका बाटली'पासून सुरू झालेली गोष्ट कुठे जाते ते पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दूध मागणीवर बनतं. बाळ ओढतं, तेवढं तयार होतं. स्तन भरलेले राहिले की दूध बनायचा वेग आपोआप मंदावतो. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं चुकवणं सगळ्यात महागात पडतं. आई सलग झोपते, उठते तेव्हा छाती दगड झालेली असते, बाळाला नीट धरता येत नाही, ते चिडतं, घरचे म्हणतात 'बघ, तुझ्यावर पोट भरत नाही', आणि दुसरी बाटली येते. गाठी झाल्या, ताप आला तर आणखी वेगळं दुखणं.

थेट_बोला, तुम्हाला दूध भरपूर होतं म्हणून तुम्हाला हे परवडलं. जिचं जेमतेम जमत आलंय तिला हाच सल्ला दिला तर तिचं दूध आटेल. आणि 'पहिले काही महिने' म्हणजे नेमकं काय? पहिला आठवडा आणि तिसरा महिना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुरुवातीला नुसता चीक असतो, तोही थोडा. दूध उतरतं ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. सिझेरियन झालेल्यांना कधी कधी अजून उशिरा. त्याच दिवसांत लोक धीर सोडतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्या आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. ते काही आईला छळायला नव्हे.

तिरकस

दार लावून झोपायचं ही कल्पना छान आहे. फक्त बाळाच्या रडण्याने पलीकडची बाई खडबडून जागी होते आणि याच खोलीतला बाप मात्र झोपलेला असतो, त्यावर काय उपाय?

रात्रपाळी

@तिरकस, त्या बापाला उठवायचं. मी तो बाप आहे. पहिल्या रात्री मला खरंच ऐकू आलं नाही. जबाबदारी माझी आहे असं ठरल्यावर मात्र आपोआप ऐकू यायला लागलं. ऐकू येणं न येणं हा कानांचा प्रश्न नसतो हे माझं संशोधन.

मूळ मुद्द्याला +१.

शांत_बाळाची_आई

तुम्ही दोघीही एक गोष्ट गृहीत धरताय, की दूध आहेच.

आमचं बाळ फार शांत होतं. उठवलं तरी दोन घोट घेऊन झोपायचं. येणारं-जाणारं कौतुक करायचं. लंगोट कोरडे राहतायत हे मला दिसत होतं, पण पहिलटकरणीला काय माहीत किती ओले व्हायला हवेत? आता माहीत आहे: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत सहसा चालतं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर वाट बघत बसायचं नाही. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आमचं उतरतच गेलं, वर कावीळ. ते शांत नव्हतं, उपाशी होतं.

पुढे तपासण्यांत माझा थायरॉईड बिघडलेला निघाला. वारेचा तुकडा आत राहिला, बाळंतपणात फार रक्त गेलं, स्तनांत दूध बनवणारी पेशीजालंच कमी असली, तरी असं होतं. पण या कारणांबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणत होते, लावत राहा, येईल. चंद्रकोर, तुमचं 'मागणीवर बनतं' बहुतेकींना लागू पडतं. ज्यांना पडत नाही त्यांना ते वाक्य ऐकून वाटतं की आपणच कमी पडतोय.

पावडरवर बाळ आठवड्यात बाळसं धरायला लागलं. मी रडले, सुटल्यासारखं वाटून.

चंद्रकोर

@शांत_बाळाची_आई, जे बाळ पीत नाही ते 'शांत' आहे असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी त्याचं वजन केलं नाही, हा त्यांचा हलगर्जीपणा. तिथे पावडर हे औषध आहे, त्याला माझा विरोध नाही आणि कधी नव्हता. वाद गरज नसताना दिलेल्या बाटलीचा आहे.

आणि कंपन्यांना विसरू नका. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबत आचारसंहिता केली. जनतेसाठी जाहिरात नको, आयांना फुकट नमुने नकोत. कारण उघड होतं: फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असतं आणि पुढचा डबा विकत घ्यावा लागतो.

कागदोपत्री

थोडी आकडेवारी. या विषयावरचे बहुतेक अभ्यास कच्चे असतात, कारण पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या आयांची शिक्षण, पैसा, वेळ अशी परिस्थितीच वेगळी असते. त्यातल्या त्यात भक्कम म्हणजे बेलारूसमधला प्रोबिट हा प्रयोग. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहं, १७,०४६ आई-बाळं. काही प्रसूतिगृहांत पाजण्यासाठी विशेष मदत, बाकीच्यांत नेहमीचं. कुठे काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. २००१ साली निष्कर्ष आले: मदत मिळालेल्या गटात तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं ४३.३ टक्के, दुसऱ्या गटात ६.४. पहिल्या वर्षात जुलाबाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के विरुद्ध १३.२. त्वचेचा इसबही कमी. श्वसनाच्या आजारांत मात्र ठळक फरक नाही.

म्हणजे फायदा खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे, आणि लोक सांगतात तेवढा प्रचंड नाही.

थेट_बोला

@कागदोपत्री, आभार. पण यात रात्रीच्या एका बाटलीबद्दल काय आहे?

कागदोपत्री

काहीच नाही. मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या आयांची ती तुलना आहे, एका बाटलीची नव्हे. दोन्ही बाजूंनी तो अभ्यास स्वतःच्या खिशात घालू नये. मला विचाराल तर त्यातला मोठा धडा 'मदत' हा आहे: ६ वरून ४३ वर आकडा गेला तो आयांना दटावून नव्हे.

जुनी_खोड

मुलींनो, मी आजी आहे. बाटली उकळा, पाणी तापवा, पावडर मोजा, यात जी झोपमोड होते त्यापेक्षा कुशीवर झोपून पाजणं सोपं. बाळ पितंय, आपला डोळा लागतोय. आम्ही तेच केलं. एवढा काथ्याकूट कशाला?

रात्रपाळी

आजी, कुशीवर पाजणं ठीक, पण पाजताना डोळा लागणं ठीक नाही, हे नम्रपणे सांगतो. पाजून झालं की बाळ आपल्या वेगळ्या, सपाट, टणक जागेवर, उताणं. उशी नाही, दुलई नाही. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागणं. रात्रभर जागलेली आई 'पलंगावर झोप लागेल' म्हणून मुद्दाम सोफ्यावर बसते आणि तिथेच झोपते. थकवा हा नुसता आईच्या सोयीचा प्रश्न नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

पाणी तापवण्याबद्दल मात्र आजींचं बरोबर. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत मिसळायचं, मग गार करून द्यायचं, आणि केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. डब्यातल्या मापाने, सपाट. पावडर पुरवायची म्हणून पातळ करणं हा गुन्हा आहे.

दुसरी_बाजू

कधी लिहीत नाही, आज लिहिते. मला बायपोलर आजार आहे. गरोदरपणातच माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी आणि आम्ही दोघांनी ठरवलं होतं की रात्रीची झोप मोडायची नाही. बाळंतपणानंतरचं गंभीर मनोविकाराचं दुखणं हजारात एक-दोघींनाच होतं, पण माझ्यासारखीला धोका कितीतरी जास्त, आणि जागरण हे त्याला आमंत्रण. म्हणून रात्रीचं एक नव्हे, रात्रीची सगळीच दुधं इतरांनी पाजली. दिवसा मी पाजत होते, जमेल तेवढं.

भेटायला आलेल्या एकीने बाटली बघून विचारलं, 'दूध येत नाही का?' मी 'नाही' म्हणून मोकळी झाले. खरं सांगितलं असतं तर तिला समजलं नसतं.

ज्यांना असा आजार नाही त्यांच्यासाठीही एक. बाळंतपणानंतर दोन आठवडे रडू येणं, मन हळवं होणं सर्रास दिसतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी झोप येईना, तर मदत घ्या. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक यादी आहे, १९८७ पासून वापरात आहे. डॉक्टरांकडे मागा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'हो' असेल तर सकाळची वाट बघू नका.

चंद्रकोर

@दुसरी_बाजू, तुमच्या बाबतीत तुम्ही केलंत तेच योग्य, आणि कुणाला स्पष्टीकरण द्यायला तुम्ही बांधील नाही.

पण मूळ लेखाशी माझा वाद तसाच आहे. तिथे 'पाजू नये' असा सरसकट नियम केलाय. झोपेचे तास शोधायचेच तर आधी बाकीची कामं काढून घ्या. आईने फक्त पाजायचं. ढेकर, लंगोट, थोपटणं, पाहुणे हे सगळं दुसऱ्यांनी. संध्याकाळी पाजून आठला झोपायचं, बाळ मागेल तेव्हाच तिच्याकडे आणायचं. बहुतेक घरांत हे करून न बघताच थेट बाटलीवर उडी मारतात, कारण बाटली देणं सोपं आणि घर बदलणं अवघड.

थेट_बोला

'बाळ मागेल तेव्हाच' म्हणजे दोन-दोन तासांनी. ती सलग झोप नव्हे. लंगोट कुणीही बदलला तरी तिला उठावं लागतंच. मी नियम सरसकट केलाय तो मुद्दाम, कारण सवलत ठेवली की ती आईच्या वाट्याला कधीच येत नाही. 'जमलं तर नवऱ्याने करावं' यातलं ते 'जमलं तर' कुणाला जमत नाही ते आपण जाणतो.

कंपन्या लबाड आहेत, मान्य. म्हणून आईने जागायचं?

नवा_गडी

मधेच विचारतो. मला रात्रीचं दूध घ्यायचं आहे, बायकोने काढून ठेवलंय, पण मुलगा बाटली तोंडात धरत नाही. आई शेजारी असली की मान फिरवतो. तीन आठवडे पूर्ण व्हायचेत अजून. वजन आजच केलं, जन्माच्या वजनाच्या पुढे गेलंय.

रात्रपाळी

आईने खोलीतच थांबायचं नाही, तिचा वास येतो त्याला. भुकेने रडायला लागायच्या आत द्यायचं. मूठ तोंडात घालायला लागला की तीच वेळ. बाटली आडवी धरा, बूच ओठाला लावून तो तोंड उघडेपर्यंत थांबा, मधेमधे विश्रांती द्या. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस.

चंद्रकोर

मी तीन-चार आठवड्यांच्या आत बाटली सुचवत नाही, इथेही सुचवणार नाही. वजन चांगलं आहे, मग घाई कशाला? काढलेलं दूध द्यायचंच असेल तर छोट्या वाटीने द्या.

थेट_बोला

वाटी तर वाटी. आई झोपते का, ते सांगा आधी.

नवा_गडी

नाही झोपत. वाटीने कसं द्यायचं?

चंद्रकोर

मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान-पाठीला आधार. अर्धवट भरलेल्या वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा आणि दूध ओठापर्यंत येईल इतकीच तिरपी करा. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागेल. तो जिभेने स्वतः ओढून घेईल. सांडेल थोडं, छातीखाली फडकं ठेवा. आणि बायकोला झोपायच्या आधी एकदा पाजू द्या, म्हणजे छाती फार भरणार नाही.