मोठ्या आतड्याचा कॅन्सर: जनुकांवर चालतं म्हणून ड जीवनसत्त्वाला औषध म्हणायचं का?

गोदाकाठ: या कॅन्सरमध्ये ड जीवनसत्त्वाला नुसतं हाडांचं टॉनिक समजणं मला चूक वाटतं. त्याचं सक्रिय रूप कॅल्सिट्रायॉल पेशीतल्या व्हीडीआर या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं. व्हीडीआर मग आरएक्सआर या दुसऱ्या ग्राहीशी जोडी जमवून थेट डीएनएवर बसतो आणि जनुकं चालू-बंद करतो. 2001 मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरपेशींत दाखवलं, की यामुळे पेशींना जोडणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना धरून राहतात आणि केंद्रकात शिरून वाढीची जनुकं पेटवणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बाहेर येतं. एपीसी हे गाठ रोखणारं जनुक बिघडल्यावर मोकाट सुटतं ते हेच बीटा-कॅटेनिन. लगाम नेमका तिथेच बसतो!

पंचवटीकर: बशीतल्या पेशींचं मान्य. माणसांचं काय? अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत 25,871 लोक होते, डोस रोज 2,000 युनिट, काळ पाच वर्षांहून जास्त. कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. 2015 च्या चाचणीत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचे कोंब) काढलेल्या 2,259 जणांतही रोजच्या 1,000 युनिटांनी नवे पॉलिप थांबले नाहीत.

गोदाकाठ: व्हायटलमध्ये सुरुवातीची रक्तातली सरासरी पातळीच मिलिलिटरमागे 30 नॅनोग्रॅमच्या आसपास होती. भरल्या घागरीत पाणी ओतून काय कळणार? नाशकात ऊन मुबलक, पण दिवसभर दुकानात-ऑफिसात बसणाऱ्याची पातळी 20 खाली निघाली तर नवल नाही.

सातपूर लॅब: एक मुद्दा दोघांकडूनही राहिला. गाठ पुढे सरकते तसं स्नेल नावाचं प्रथिन व्हीडीआरचं जनुकच दाबू शकतं. ग्राहीच उरला नाही तर डोस वाढवून उपयोग काय? शिवाय कॅल्सिट्रायॉल मोडणारं सीवायपी24ए1 हे एन्झाइम कॅल्सिट्रायॉलच चालू करतं, आणि बऱ्याच गाठींत ते आधीच वाढलेलं असतं. त्यामुळे 60,000 युनिटांच्या आठवडी पाकिटापेक्षा रोजचा लहान डोस मला पटतो. तपासणी 25-हायड्रॉक्सीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या रक्तातल्या साठ्याची करा. 1,25 ची, म्हणजे कॅल्सिट्रायॉलची पातळी कमतरतेतही नॉर्मल येते आणि फसवते.

पंचवटीकर: म्हणजे फायदा कोणाला, हे कळायला गाठीतला व्हीडीआर मोजावा लागेल, आणि तो नेहमीच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये नसतो. 2019 च्या 139 रुग्णांच्या चाचणीत केमोबरोबर रोज 4,000 युनिट घेणाऱ्यांत आजार 13 महिने आटोक्यात राहिला, 400 वाल्यांत 11. तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. कमतरता जरूर भरा, पण डॉक्टरांना न विचारता पाकिटं चालू ठेवू नका. रक्तातलं कॅल्शियम चढलं की मळमळ, बद्धकोष्ठता, सुस्ती येते आणि दोष केमोवर जातो. अशा वेळी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासून घ्या.

गोदाकाठ: कॅल्शियमचं शंभर टक्के मान्य. औषध म्हणण्याचा हट्टही सोडतो, पण निदानाच्या दिवशीच 25-हायड्रॉक्सी तपासावं, यावर ठाम आहे.