अनुभव धागा: देवळात दिलेलं, देवळातून मिळालेलं

मी वसई धर्मप्रांतात फादर आहे. १९९८ साली धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा मी सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घेत होतो, म्हणजे बघा किती वर्षं झाली. पहिल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की ऑफिसात दानाचे पैसे मोजायला बसायचो, त्यात दहाच्या दोन नोटा कायम ओलसर असायच्या आणि त्यांना मोगऱ्याचा वास यायचा. कौन्सिलमधले एक काका म्हणाले, फादर ती आपली आजी, पहाटेच्या विरार लोकलने दादरला फुलं देऊन येते आणि तशीच मिस्साला बसते.

बायबलमध्ये मार्कच्या बाराव्या अध्यायात गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे दोन बारीक नाणी, जवळ होतं ते सगळं दान करते, त्यावर मी तोपर्यंत कितीतरी प्रवचनं दिली होती. तरी पुढच्या वर्षी छपरासाठी निधी काढला तेव्हा मी वेदीवरून नावं आणि रकमा वाचल्या, मोठी रक्कम आधी. पुढच्या बाकावरची आजी मागे जाऊन बसायला लागली. घरी गेलो तर म्हणाली, "पन्नास हजारानंतर माझे पन्नास वाचणार ना फादर, म्हणून दिलेच नाय." मला बोलायलाच सुचेना. त्या दिवसापासून नावं वाचणं बंद. तुमचेही अनुभव लिहा, देण्याचे, घेण्याचे, दुखावल्याचे पण.

---

फादर, मी घेणाऱ्यांपैकी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांची कंपनी बंद, घरभाडं थकलेलं. आमच्या वॉर्डातली दोन पोरं रात्री नऊनंतर पिशवी दाराला अडकवून जायची, बेल पण वाजवायची नाहीत. तांदूळ, तूरडाळ, तेल आणि प्रत्येक वेळी पार्ले-जीचा पुडा. कुणीतरी माझ्या लेकराचा विचार केला होता हो. शेजारच्या यूपीवाल्या भाभीकडे पण तीच पिशवी, तिला कुणी धर्म विचारला नाही. आता पिशव्या मी भरते आणि पुडा आधी टाकते.

---

आम्ही नगरकडचे, प्रोटेस्टंट. आमच्याकडे हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव असतो. एका वर्षी एकच भोपळा चार वेळा विकला गेला, जो घ्यायचा तो पुन्हा अर्पण करायचा, शेवटी पाळकसाहेबांनी तो एका म्हातारबाच्या झोळीत घातला. माझे वडील त्या दिवशी जितके हसले तितके मी त्यांना कधीच हसताना बघितलं नाही.

---

पपांना पॅरालिसिस झाला तेव्हा सेंट विन्सेंट डी पॉलचे एक अंकल दर गुरुवारी यायचे. १८३३ साली पॅरिसमध्ये कॉलेजच्या पोरांनी ही संस्था काढली, गरिबांच्या घरी स्वतः जायचं म्हणून, हे मला फार नंतर कळलं. अंकल प्रार्थना करायचे, मग खिशातून नेलकटर काढून पपांची नखं कापायचे. आम्ही पोटची मुलं, पण नखं वाढलेली आमच्या लक्षातच आली नव्हती. पपा गेले त्या गुरुवारीसुद्धा अंकल आले, थोडा वेळ नुसते खुर्चीत बसले आणि जाताना नेलकटर आईच्या हातात देऊन गेले.