वन पॉकेट पूल व्हिडिओ पाहून शिकतोय. चूक हाताची की टेबलाची, कसं ओळखू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. वय ४१, संत्र्याचा बगीचा आहे. मागच्या वर्षी नागपुरात एक पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) पार्लर बंद झालं. तिथलं आठ बाय चारचं टेबल मी आणि चुलतभावाने मिळून घेतलं आणि संत्र्याच्या प्रतवारीच्या शेडमध्ये लावलं. पोरं रोज संध्याकाळी एट-बॉल खेळतात. मला मात्र वन पॉकेटची ओढ लागली आहे आणि आसपास ते शिकवणारं कोणी नाही. जे आहे ते मोबाइलवर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला बॉलांचा त्रिकोणी रॅक लागतो त्या टोकाच्या दोन कोपऱ्यांपैकी एक पॉकेट माझं, दुसरं समोरच्याचं. पांढऱ्या बॉलने १५ पैकी कोणताही बॉल मारा, तो आपल्या पॉकेटात गेला तरच आपला. समोरच्याच्या पॉकेटात गेला तर त्याचा. आधी ८ घेईल तो जिंकला. उरलेल्या चार पॉकेटांत गेलेला बॉल परत टेबलावर येतो आणि फाऊल झाला की कमावलेला एक बॉल परत ठेवावा लागतो. त्यामुळे समोरच्याला मारायला काही उरणार नाही अशा जागी पांढरा नेऊन ठेवणं, हाच अर्धा खेळ.

एफ्रेन रेयेसचे (फिलिपिन्सचे, १९९९ चे नाइन-बॉल विश्वविजेते) सामने पाहताना मला हे पहिल्यांदा कळलं. मी वीस वर्षं कॅरम खेळलोय, गणपतीत आणि शारदोत्सवात बक्षिसंही घेतली आहेत. कट, रिबाउंड, डबल हातात आहेत. पण कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी उचलून आपल्या रेषेवर येतो. तो कुठे थांबला याचा विचार मी आयुष्यात केला नव्हता. इथे पांढरा जिथे थांबेल तिथूनच पुढचा माणूस मारणार. ही एकच सवय घालवायला मला सहा महिने लागले, आणि अजून पूर्ण गेलेली नाही.

आता अडचण सांगतो. व्हिडिओत ब्रेक (पहिला शॉट) असा दाखवतात: रॅकच्या कडेला हलकं घासून जायचं, बॉलांचा गठ्ठा आपल्या पॉकेटाकडे झुकवायचा आणि पांढरा समोरच्याच्या बाजूच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटवून ठेवायचा. माझा गठ्ठा नीट झुकतो, पण पांढरा कुशनला लागून वीतभर मागे येतो. तेवढ्यानेच समोरच्याला शॉट उघडा पडतो.

बँक शॉटचं (बॉल कुशनला आपटवून पॉकेटात घालण्याचं) त्याहून कठीण आहे. आमच्या टेबलाच्या लाकडावर नेम धरायच्या खुणा नव्हत्या. मी आतलं माप घेतलं: कुशनच्या टोकापासून टोकापर्यंत ८८ इंच लांब, ४४ इंच रुंद. लांबीचे आठ भाग, रुंदीचे चार, म्हणजे दर ११ इंचांवर एक खूण. बायकोच्या लाल टिकल्या मोजून लावल्या. व्हिडिओतलं टेबल नऊ फुटी असतं, त्यांच्या खुणा साडेबारा इंचांवर. पण प्रमाण तेच, म्हणून गणित जुळायला हवं. ते जुळत नाही. तोच शॉट सकाळी आखूड पडतो आणि दुपारी ऊन पडलं की बरोबर बसतो. झड लागली की कापड दमट होतं आणि बॉल जड चालतो, एवढं मला कळतं. जोरात मारला की बँक आखूड होते आणि हळू मारला की लांबते, हेही कळतं. पण शिकवणारा ‘मध्यम जोर’ म्हणतो तेव्हा तो कोरड्या हॉलमधल्या नव्या कापडावरचा जोर असतो. माझ्या टेबलावर त्याला किती जोर म्हणायचा?

त्यात टेबलही पूर्ण समपातळीत नाही. बॉल अगदी हळू सोडला की शेवटच्या हातभर अंतरात दाराकडे वळतो. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिली, त्याने कमी झालं, पण थांबलं नाही. आता शॉट हुकला की मला ठरवताच येत नाही की स्ट्रोक वाकडा गेला, कापड ओढतंय की उतारच आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. लॅग (पहिला कोण मारणार ते ठरवायचा शॉट) करतात तसा पांढरा पलीकडच्या कुशनला लावून परत आपल्या कुशनपर्यंत आणायचा, आणि रोज सुरुवातीला त्यासाठी लागलेला जोर त्या दिवसाचं माप धरायचा, असं केलं तर चालेल का? की ओल्या कापडावर बँकचं माप त्यानेही फसतं? ब्रेकनंतर पांढरा मागे येतो तो जोर जास्त झाल्यामुळे की फिरकी कमी पडल्यामुळे, हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं? आणि एकट्याने करायचा असा एखादा सराव सांगा, ज्यात टेबलाचा दोष आणि हाताचा दोष वेगळे दिसतील.

एकट्याने, कारण माझ्यासोबत हा खेळ खेळायला कोणी बसत नाही. मी सेफ्टी (समोरच्याला शॉट न सोडणारा शॉट) खेळलो की चुलतभाऊ म्हणतो, “काहून बे, समोरचा बॉल सोडून देऊन राहिला?” त्याला दोन सामने दाखवले तर तिसऱ्याला तो उठून गेला.

व्हिडिओंची नावं नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत. ज्यांनी अशाच जुन्या टेबलावर हात बसवला आहे त्यांचा अनुभव हवा आहे. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की शेड संत्र्याला द्यावी लागते आणि टेबल ताडपत्रीखाली जातं. माझ्याकडे अजून साधारण दोन महिने आहेत.