खलनायकच नायक असेल तर त्याला म्हणायचं काय?

धागाकर्ती

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकासाठी २०१९च्या 'जोकर'वर लेख लिहितेय. टॉड फिलिप्सचा, वाकीन फिनिक्सवाला. पहिलंच वाक्य लिहिलं, 'या चित्रपटाचा नायक हा खलनायक आहे', आणि कागद बाबांपुढे ठेवला. बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी दोन्ही शब्दांभोवती पेन्सिलने गोल काढले, मधे बाण मारला आणि समासात लिहिलं, 'एकच माणूस दोन्ही? मग हा भांडतो कुणाशी?'

इंग्रजीत हिरो वेगळा आणि गोष्ट ज्याच्याभोवती फिरते तो प्रोटॅगनिस्ट वेगळा. आपल्याकडे दोघांनाही नायकच. 'प्रमुख पात्र' लिहून पाहिलं, पण ते पाच गुणांच्या उत्तरासारखं वाटतं. काय लिहू?

नाशिककर

व्हिलन लिही आणि मोकळी हो. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, तेव्हा 'प्रतिनायक आला गं बाई' असं कुणी म्हणत नव्हतं.

संस्कृतवाली

म्हणत नव्हतं हे खरं, पण शब्द त्याच कामासाठी केलेला आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपक या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायकाचं वर्णन येतं: 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः'. लोभी, उद्धट, ताठर, पापी, व्यसनी, आणि शेवटचा शब्द महत्त्वाचा: रिपू. म्हणजे नायकाचा शत्रू. रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. समोर कुणी नायक असल्याशिवाय प्रतिनायक होताच येत नाही. 'जोकर'मध्ये जोकरचा वैरी बॅटमॅन कुठाय? पुढे बॅटमॅन होणारा ब्रूस वेन इथे फाटकाच्या आत उभा असलेला शाळकरी पोरगा आहे. तेव्हा आर्थर, म्हणजे पुढे जोकर होणारा माणूस, प्रतिनायक नाही. बाबांची शंका इथे अगदी बरोबर.

आता 'खलनायक' फोडून बघ. समास दोन तऱ्हांनी सुटतो. 'खल असा नायक' हा कर्मधारय. 'खलांचा नायक' हा षष्ठी तत्पुरुष. पहिल्या विग्रहात तो नायकच आहे, फक्त दुष्ट आहे. म्हणजे शब्दाचा अक्षरार्थ घेतला तर तुला हवी असलेली गोष्ट त्यात आधीच बसलीय. आपण मात्र तो वर्षानुवर्षं प्रतिनायकाच्या जागी वापरला, मालिकेतल्या खाष्ट सासूपर्यंत नेला, आणि आता खरोखरचा खल-नायक आला तर शब्द वापरून झालेला!

(सिनेमा न पाहिलेल्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा.) दुसरा विग्रहही शेवटी लागू पडतो. दंगल पेटलेली, चहूकडे विदूषकाचे मुखवटे, आणि गाडीच्या टपावर उभा राहून स्वतःच्या रक्ताने ओठांवर हसू रेखणारा आर्थर: कर्मधारयाचा तत्पुरुष होतो तो तिथे.

जाता जाता, याच दशरूपकात नाटकाच्या मुख्य पात्राला 'नेता' असाही शब्द आहे. नायक काय, नेता काय, धातू एकच, नी, म्हणजे नेणे. कथा पुढे नेतो तो. भलेपणाची अट धातूत नाही. पण तू लेखात 'नेता' लिहू नकोस, सोसायटीत निवडणूक असेल.

नाशिककर

मग संस्कृतात असा दुष्ट नायक झालाय का कधी? की नुसतंच व्याकरण?

संस्कृतवाली

भासाचं ऊरुभंग. दुर्योधनाच्या मांड्या फुटल्यात, तो पडलाय, आणि त्याचा लहानगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो. बापाला मांडीच उरलेली नाही. महाभारतभर ज्याचा राग केला त्याच्यासाठी इथे जीव कळवळतो. 'जोकर'वाल्यांनी काही नवीन शोधलं असं मी तरी म्हणणार नाही.

पत्तेबाज

तुम्ही खलनायकावर अडलात, मला तर नावातच घोळ दिसतो. मराठीत जोकर म्हणजे काय? सर्कशीतला, लाल नाकाचा. म्हणजे इंग्रजीतला क्लाउन. आणि पत्त्यातला. बास. इंग्रजीत क्लाउन आणि जोकर हे दोन शब्द आहेत आणि अख्खा सिनेमा त्या दोघांमधल्या फटीत घडतो.

आर्थरचा धंदा क्लाउनचा. दुकानाबाहेर पाटी फिरवतो, इस्पितळात मुलांना हसवतो. पुढे ब्रूसचा श्रीमंत बाप थॉमस वेन टीव्हीवर आयुष्यात काही न जमलेल्या लोकांना क्लाउन म्हणून हिणवतो, आणि लोक तोच शब्द तोंडावर चढवतात, मुखवटा करून. इथवर जोकर हा शब्द त्याला चिकटलेलाच नाही. तो येतो टीव्हीवर कार्यक्रम करणाऱ्या मरे फ्रँकलिनच्या, म्हणजे रॉबर्ट डी नीरोच्या तोंडून. आर्थरच्या फसलेल्या कार्यक्रमाची फीत लावून तो प्रेक्षकांना म्हणतो, या जोकरकडे बघा. तिथे जोकरचा अर्थ विदूषक नाही. 'काय नग आहे बघा' असा आहे. 'काय नमुना आहे' म्हणा हवं तर. नंतर आर्थर त्याच्याच कार्यक्रमात जायच्या आधी मरेला सांगतो, माझी ओळख करून देताना मला जोकर म्हणा. शिवी उचलून नाव केलं.

हे मराठीत सांगून दाखवा. आपला आर्थर पहिल्या दृश्यापासूनच जोकर असतो, कारण तोंडाला रंग लावलेल्या माणसाला आपण दुसरं काही म्हणतच नाही. नाव मिळतं तो क्षणच उरत नाही.

धागाकर्ती

अरे देवा. मी लेखात सगळीकडे 'जोकरचं काम करणारा आर्थर' असंच लिहिलंय.

क्लाउनला विदूषक केलं तर?

संस्कृतवाली

चालेल, पण कुरकुरत. आपला विदूषक राजाचा मित्र. खादाड, घाबरट, तोंडाळ, पण दुष्यंताला शाकुंतलात माढव्य जवळचा वाटतो. आर्थरला मित्र कुठला? खलपणा आणि हसू एकाच अंगात हवं असेल तर मृच्छकटिकातला शकार बघ. राजाचा मेहुणा, 'स'चा 'श' करतो, पुराणातली नावं हव्या त्या गोष्टीत कोंबतो. लोक खो खो हसतात, आणि तोच वसंतसेनेचा गळा आवळतो. देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, पण शकार हा शब्द काही बोलण्यात रुळला नाही. तेव्हा विदूषकच बरा.

पत्तेबाज

विदूषक धंद्यासाठी आणि जोकर नावासाठी, हे मला पटतं. पत्त्याचा अर्थही तेवढा वाचतो. १९४०च्या पहिल्या 'बॅटमॅन' अंकात तो आला तेव्हा त्याची खूण पत्त्यातला जोकरच होती. रमी खेळणाऱ्याला समजावायला नको: स्वतःची किंमत नाही, ज्याच्या जागी लावाल ते होतो.

कोकणातला

खल शब्दावर एवढा खल झाला आणि पसायदान कुणालाच आठवलं नाही? 'जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मीं रती वाढो.' आमची आजी रोज संध्याकाळी म्हणायची आणि मी लहानपणी समजायचो की साडीला घालतात ती खळ कुठेतरी सांडलीय. माउली खळ मरो म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा जावो म्हणतात. म्हणजे खळ हा आधी माणूस आणि वाकडेपणा नंतर आलेला. या सिनेमात तेच उलट्या दिशेने चालतं, सरळ माणसात एकेक व्यंकटी भरत जाते. आर्थरच्या सात गोळ्या चालू असतात आणि सरकारी समुपदेशन पैशाअभावी बंद होतं, ते दृश्य आठवा. ताई, 'खलनायक'च ठेवा, पण मधे छोटी रेघ द्या: खल-नायक. वाचणारा क्षणभर अडखळेल, तेवढं पुरे.

नाशिककर

मी अजूनही व्हिलनवरच आहे. पण रेघेची आयडिया चांगली आहे.

धागाकर्ती

बदललं. 'आर्थर फ्लेक पोटासाठी विदूषक आहे. जोकर हे नाव त्याला टिंगलीतून मिळतं: टीव्हीवरचा माणूस त्याला नग म्हणतो आणि हा ते अंगाला लावून घेतो. कथेचा खल-नायक तोच.' बाबांनी दुपारी वाचलं. खल-नायकाला हात लावला नाही. आता 'नग'भोवती गोल आहे, आणि समासात: 'हा शब्द छापतात?'