पोराला एसटीचा पास काढून द्यावा की दुचाकी घेऊन द्यावी?

फाट्यावरचा

आमच्या शेजारच्या काकांनी परवा तूर विकली आणि पोराला जुनी दुचाकी घेऊन दिली. पोरगं अकरावीला यवतमाळला चाललंय. गाव कळंबच्या आत, यवतमाळ तीस किलोमीटर. काका म्हणाले, "येश्टीचा काही भरवसा हाये का बाबू? गाडी असली म्हणजे पोट्टं वेळेवर जाते, वेळेवर येते." मी त्यांच्याच घरचा चहा पीत होतो, म्हणून तिथं बोललो नाही. इथं बोलतो.

हिशेब मांडा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याचे ८ रुपये ७० पैसे होते, ते १० रुपये ५ पैसे झाले. तीस किलोमीटर म्हणजे पाच टप्पे, पन्नास रुपये. जाऊन-येऊन शंभर. विद्यार्थ्याच्या पासवर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे खिशातून जातात रोजचे तेहतीस-चौतीस.

आता दुचाकी. रोजचे साठ किलोमीटर. लिटरला पन्नासचा ॲव्हरेज धरू (ती गाडी देणार नाही, मी तिचा धूर पाहिला आहे). सव्वा लिटर पेट्रोल, लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे सव्वाशे रुपये. मित्राला मागं बसवून अर्धे-अर्धे केले तरी माणशी बासष्ट. ट्रिपल सीट गेले तरी बेचाळीस. म्हणजे कायदा मोडूनसुद्धा पासची बरोबरी होत नाही.

आणि कायद्याचं निघालंच आहे तर सांगतो. पोरगं सोळाचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालकाला २५,००० रुपये दंड आहे. दोन क्विंटल तूर विकूनही तेवढे होत नाहीत.

माझी बारावी आणि बीएस्सी, पाचही वर्षं पासवर झाली. गाडी घेऊन देणं हे शिक्षण नव्हे, लाड आहेत, एवढंच माझं म्हणणं.

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, तुया हिशेबात पेट्रोल हाये, टाईम कुठी हाये?

पास काढला तर पोट्टं सातच्या गाडीनं जाते. कॉलेज भरते साडेदहाले. मंधातले दोन घंटे स्टँडवर बसून मोबाईल पाह्यते. कॉलेज सुटते दीडले, गाडी साडेपाचची. घरी येता येता दिवे लागते. दुचाकी असली तर साडेनऊले निंगते अन् दोन-अडीचले घरी. तीनपासून अंधार पडेपर्यंत कापूस वेचला तरी पंधरा किलो होते. किलोले दहा रुपये वेचाई धर. दीडशे झाले. तुया पासनं वाचले किती? नव्वद. आता सांग लाड कोन करून रायलं!

फाट्यावरचा

ठेचाभाऊ, गणित बरोबर आहे, उदाहरण चुकलं. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) झाल्यापासून फरदड (शेवटचा कापूस) निघेपर्यंत कापूस असतो. कॉलेज जूनपासून. पोळ्याला काय वेचणार? आणि माझ्या ओळखीत दुचाकी मिळालेलं एकही पोरगं दोन वाजता वावरात गेलेलं नाही. ते चौकात जातं.

पळसफूल

दोघांच्याही हिशेबात मुलगी कुठेच नाही, म्हणून लिहिते.

गावाचं नाव, डेपोचं नाव लिहीत नाही. वाहक-चालक ओळखीचे आहेत, त्यांच्या नोकऱ्या आहेत. बारावीपर्यंत मला पास फुकट होता, अहिल्यादेवी होळकर योजनेतून. माझा भाऊ त्याच शाळेत, त्याच गाडीत, तो पैसे भरायचा आणि रोज मला ऐकवायचा. पुढे डिग्रीला गेले आणि तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

आमच्या फाट्यावर सकाळी तीसेक पोरं-पोरी. गाडी लांबून दिसली की सगळे रस्त्याच्या कडेला येतात. गाडी आमच्याजवळ थांबत नाही, शंभर-दीडशे पावलं पुढे जाऊन थांबते. मग पळायचं. एका हातात दप्तर, एका हातात ओढणी. पहिली चार-पाच पोरं चढली की घंटी वाजते. जी पळण्यात मागे राहते ती अकराच्या गाडीची वाट पाहते. आमच्यातली एक मुलगी पायाने थोडी अधू होती. तिचाही पास होता. महिन्याकाठी ती दहा-बारा दिवस कॉलेजात दिसायची. तिच्या पासचा रोजचा खर्च किती पडला, मांडा हिशेब.

दुसरं, प्रॅक्टिकल तीन ते पाच. शेवटची सोयीची गाडी पावणेपाचला. सर म्हणायचे, जर्नल पूर्ण करा. मी म्हणायचे, सर, गाडी. पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मला किती मार्क पडले ते इथं लिहीत नाही, आई हे वाचू शकते.

दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी खोली केली. भाडं चोवीसशे, माणशी सहाशे. ज्वारी, तूर डाळ, तिखट घरून. गॅस, वीज, भाजी धरून माझे साडेतेराशे-चौदाशे लागायचे, शनिवारी घरी जाण्याचं तिकीट वेगळं. पासपेक्षा महाग पडलं, हे कबूल. पण सगळी प्रॅक्टिकल झाली. स्वस्त म्हणजे काय, हे आधी ठरवा. रोजचे चौतीस रुपये वाचवून वर्ष वाया गेलं तर ते चौतीस मी कुठे जमा करू?

फाट्यावरचा

पळसफूल, खोलीचं पटतं. पण चौघी मिळाल्या म्हणून जमलं. आमच्या गावातून त्या वर्षी कॉलेजला जाणारा मी एकटाच. एकट्याने चोवीसशे भरले असते तर बाबांनी मला शेतावरच ठेवलं असतं. गाडी पुढे जाऊन थांबते हे मीही पाहिलं आहे. मी वेगाने पळायचो, एवढाच फरक. हे लिहिताना लक्षात येतंय की हा काही माझ्या बाजूचा मुद्दा नाही.

हिशेबी आई

मुलीच्या पासबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे डिग्रीच्या मुलीपुढे दोन रस्ते. पास काढला तर भाड्याचा तिसरा हिस्सा, पण पूर्ण महिन्याचा, जा की नको जाऊ. अर्धं तिकीट काढलं तर निम्मा हिस्सा, पण गेल्या दिवसाचाच.

पासचे पैसे जितक्या दिवसांवर धरलेले असतात, त्यातले दोन तृतीयांश दिवस जाणार असेल तरच पास परवडतो. त्याहून कमी जाणार असेल तर रोज तिकीट फाडा. मुलगी आठवड्यातून तीनदा जाते, मी पास बंद केला. मुलाचा मात्र चालू ठेवते, त्याला अर्धं तिकीट नाही. निम्मे दिवस गेला तरी पासच स्वस्त.

आणि दिवाळीच्या तोंडावर पास नवा करू नका हो. पंधरा दिवस सुट्टी, पास डब्यात. मी दोन वर्षं ही चूक केली. शिवशाहीत तो पास चालत नाही हेही आधीच सांगून ठेवा, माझा लेक एकदा ऐटीत चढला आणि पूर्ण तिकीट काढून उतरला.

वऱ्हाडी ठेचा

वहिनी, तुमाले अर्थमंत्री करा लागते.

सिंदीचा गाडीवाला

सगळे एसटीवरच अडकले. ज्यांच्या गावाजवळून रूळ जातात त्यांनी रेल्वेचा सीझन पास विचारावा. आमच्याकडे सिंदी, सेलू रोड, तुळजापूर या बाजूची पोरं वर्धा-नागपूर करतात. विद्यार्थ्याला मासिक पास निम्म्या दरात असतोच. पण घर ते शाळा-कॉलेज एवढ्यासाठी सेकंड क्लासचा पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत फुकट आहे, हे स्टेशनवर येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. माझ्या बहिणीला कळलं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. दोन वर्षं पैसे भरले बिचारीने.

कॉलेजचं प्रमाणपत्र लागतं. खिडकीवर विचारताना लाजू नका.

फाट्यावरचा

रूळ असले तर ना भाऊ! आमच्या कळंबपर्यंत वर्ध्याहून रेल्वे आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. आली तीही वर्ध्याकडून, आमचं कॉलेज उलट दिशेला.

दारव्ह्याचे गुरुजी

यवतमाळला रूळ नव्हते असं नाही. शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, नॅरोगेज, आणि मालकी स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी कंपनीकडेच राहिलेली. तिच्या वेगाची थट्टा सगळ्यांनी केली. आम्ही पोरं तिच्यात गृहपाठ पूर्ण करायचो, एवढा वेळ मिळायचा. तिकीट मात्र गरिबाला परवडेल असं. ती बंद पडली तेव्हा फोटो काढायला पुष्कळ लोक आले. त्यांच्यातले रोज बसणारे किती होते, देव जाणे.

पण मला बोलायचंय ते मुक्कामी गाडीबद्दल. रात्री आठ-साडेआठला गावात यायची, चालक-वाहक देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे, पहाटे त्याच गाडीने पोरं जायची. रात्री येणारी असल्यामुळे पाच वाजता कॉलेज सुटलेली पोरगीही तिच्यातून घरी पोचायची. पळसफूलबाईंची सगळी अडचण या एका गाडीत सुटते. आमच्या गावची मुक्कामी २०२१ च्या संपात बंद झाली. एप्रिल २०२२ मध्ये संप मिटला, बाकी गाड्या आल्या, ही आली नाही. त्या पाच-सहा महिन्यांत माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या काही मुली घरी बसल्या. गाड्या सुरू झाल्यावर दोघींच्या घरी गेलो. एकीचं लग्न ठरलं होतं.

त्यामुळे पास स्वस्त की दुचाकी स्वस्त, हा वाद मला लहान वाटतो. एसटीच नसेल तर ६६.६७ टक्के कशाचे?

वऱ्हाडी ठेचा

गुरुजी, तेच तं मी म्हनून रायलो ना. गाडी नाई म्हनून तं पोट्ट्याले दुचाकी देऊन रायले लोकं. हौस हाये का कोनाले?

दारव्ह्याचे गुरुजी

ठेचाबुवा, नाही. उलटं आहे. ज्या घरची पोरं दुचाकीवर जाऊ लागली त्या घरचा माणूस एसटीसाठी बोलायचा बंद झाला. आमच्या गावात अर्जावर सही करायला पूर्वी सरपंच सगळ्यांच्या पुढे असायचे. त्यांच्या मुलाला गाडी मिळाली आणि त्यांना अर्जाचा कागदच सापडेना. मागे राहिल्या त्या मुली आणि ज्याच्या घरी विकायला तूर नाही त्याची पोरं. यांचं ऐकतं कोण?

वऱ्हाडी ठेचा

ह्याले उत्तर नाई मायाजवळ. पन माया पोट्ट्याची गाडी मी विकनार नाई, हे आत्ताच सांगतो.

पळसफूल

विकू नका. सही करा.

गुरुजी, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या आहेत ना, १२५ तालुक्यांत? आमच्याकडे शाळेच्या मुलींना त्यांचा खरा उपयोग झाला. पण बारावी झाली की तीच मुलगी रस्त्यावर. सतरा वर्षांच्या मुलीला सोय आणि अठराच्या मुलीला पावणेपाचची गाडी, हे काय आहे?

हिशेबी आई

फॉर्मचं कोणी सांगेल का? कॉलेजच्या शिक्क्यासाठी मुलगा तीन दिवस फिरतोय. बाबू म्हणतो साहेब नाही, साहेब म्हणतो बाबू नाही.

फाट्यावरचा

ताई, बोनाफाईड आणि पासचा अर्ज दोन्ही एकदम द्यायला सांगा, दोन्हीवर शिक्का एकाच फेरीत मिळतो. पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची सोय महामंडळाने सुरू केली आहे. मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांनी मुलांची यादी आगाराकडे पाठवायची असते. तुमच्या कॉलेजने यादी पाठवली का, हे आधी विचारा. नसेल तर दहा मुलांनी मिळून एक पत्र द्या. एकट्याला बाबू भेटत नाही, दहा जणांना भेटतो.

आणि सगळ्यांना: माझं पहिलं म्हणणं मी अर्धं मागे घेतो. पेट्रोलचा हिशेब मागे घेत नाही, तो बरोबरच आहे. शेजारच्या काकांना पंचवीस हजारांचं सांगणारच आहे, पुढच्या चहाला. पण माझी पाच वर्षं पासवर झाली ती फाट्यावर सातची गाडी थांबायची म्हणून, आणि मी पळू शकायचो म्हणून. ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

गुरुजी, मुक्कामी गाडीसाठी अर्ज कसा असतो?

दारव्ह्याचे गुरुजी

नुसता अर्ज नको, ग्रामसभेचा ठराव घ्या. सोबत विद्यार्थ्यांची यादी: नाव, कॉलेज, सुटण्याची वेळ. चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी, संडास गाव देईल, हे ठरावातच लिहा. बहुतेक ठिकाणी गाडं तिथेच अडतं. प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना, एक आमदारांना. पोच घ्यायला विसरू नका. जुना नमुना माझ्याकडे आहे, उद्या टाकतो.

वऱ्हाडी ठेचा

टाका गुरुजी. आमच्या गावातून तीस-बत्तीस सह्या होते. त्यातल्या नऊ दुचाकीवाल्यायच्या. खोलीचं मी पाहतो, समाजमंदिराची चाबी मायाजवळच हाये.